गाडी लागणारी बाई गाडी शोधते

प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांचा मला फार हेवा वाटतो. त्यांना डोंगर दिसतात, नद्या दिसतात, वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसतात. मला प्रवासात आजवर दोनच गोष्टी दिसल्या आहेत. डोळे मिटले तर अंधार, आणि उघडले तर गाडीच्या मॅटवरची नक्षी. मला गाडी लागते. थोडीथोडकी नाही, चांगली सणसणीत लागते. लग्न लागून सासरी निघाले तेव्हा अर्ध्या वाटेतच शालूची वाट लावली होती. सासरच्या माणसांशी माझी पहिली ओळख झाली ती अशी. पुण्याहून नगरकडे निघाले तर वाघोलीच्या आतच पहिलं लिंबू हुंगावं लागतं.

अशा बाईने प्रवासवर्णन लिहू नये हे मला कळतं. पण या जानेवारीत मी नगर जिल्ह्यात एक वापरलेली गाडी शोधत हिंडून आले, आणि त्या हिंडण्याच्या शेवटी असं काही झालं की गप्प बसवत नाही. तसंही गप्प बसणं आणि एका जागी बसणं या दोन्ही गोष्टी मला जमत नाहीत. गाडीचा राग येतो तो त्यामुळेही. तिच्यात बसून राहावं लागतं.

गाडी हवी होती मुग्धाकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे जाण्यासाठी. ती दापोलीला असते, जावई तिथल्या एका कॉलेजात शिकवतो. दापोलीला रेल्वे जात नाही आणि पुण्याहून कुठल्याही रस्त्याने जा, मधे घाट उभाच. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं. आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला साफ मनाई केली. म्हणजे माहेरानेच उठून तिच्याकडे जायला हवं होतं. "आई, तू येशील ना?" असं तिने फोनवर विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "नाही जमलं तरी चालेल गं." हे दुसरं वाक्य मला फार लागलं. आईने लेकीला सवलत द्यायची असते. इथे लेकच मला सूट देऊन मोकळी झाली होती.

माझा नवरा श्रीधर विमा कंपनीतून निवृत्त झाला आहे. त्याचं म्हणणं, दोष माझा नसून गाडीचा. आमच्या जुन्या छोट्या गाडीची मागची सीट खोल, काचा लहान आणि एसी फक्त पुढच्यांना. तेव्हा आता मध्यम आकाराची, पाच माणसांची, चांगली ऐसपैस गाडी घ्यायची, आणि तीही वापरलेली, म्हणजे नव्या बेस मॉडेलच्या किमतीत जुनं टॉप मॉडेल पदरात पडतं. मग महिनाभर आमच्या घरात रामरक्षेसारखा पाठ सुरू होता: सनरूफ, मागच्या सीटला एसीचे झोत, टचस्क्रीन, मागे कॅमेरा, मधला आर्मरेस्ट. मी फोडणी टाकत असले तरी मागून आवाज यायचा, "अगं, मिडल मॉडेलला सनरूफ येत नाही." मला एवढंच कळत होतं की मुग्धाचे दिवस भरत चालले होते आणि आमचं मॉडेल काही ठरत नव्हतं.

शेवटी रावसाहेब मदतीला आले. कॉलेजात असताना ते वसतिगृहात श्रीधरच्या खोलीत राहायचे. राहुरीजवळ त्यांचा ऊस आहे, आणि लोक चपला बदलतात तशा ते गाड्या बदलतात. फोनवर ते म्हणाले, "वहिनी, पुन्याची गाडी घ्यायचीच न्हाई. शिग्नलला शिग्नलला क्लच दाबून पार खुळखुळा झालेली असती. नगरची गाडी सरळ पळलेली असती. या तुमी."

राहुरी

येताना गाडी घेऊनच यायचं असं श्रीधरचं म्हणणं, म्हणून जाताना एसटी. पुणे ते नगर या एसटी प्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही. शेजारच्या बाईंनी शिक्रापूरच्या आधीच जागा बदलून घेतली, एवढं सांगितलं तरी पुरे.

रावसाहेबांच्या घरी पोचलो तेव्हा माझ्या पोटात एसटी अजून चालूच होती. आमच्या पुण्यात अशा पाहुण्याला "काही घेणार का?" असं विचारतात आणि तो नको म्हणाला की दोघंही सुखी होतात. इथे विचारायची पद्धतच नाही. रावसाहेबांच्या पत्नी नंदाताई यांनी भाकरी, कुळथाचे शेंगोळे आणि ठेचा असं ताट समोर ठेवलं आणि मोकळ्या पोटी गाडी जास्त लागते असा निर्वाळा दिला. शेंगोळे इतके चवदार होते की मी बुद्धी गहाण ठेवून दोनदा वाढून घेतले. आणि लगेच आम्ही गाडी बघायला निघालो.

ती गाडी एका डेअरीवाल्यांची होती. पांढरीशुभ्र आणि टॉप मॉडेल. श्रीधरच्या पाठातलं सगळं तिच्यात होतंच, शिवाय पाठात नसलेलंही होतं. मालकांनी मोठ्या अभिमानाने दार उघडलं आणि मी दचकले. एवढ्या वर्षांच्या गाडीच्या सीटांवर शोरूममधला प्लॅस्टिकचा कागद जसाच्या तसा होता. आमच्याकडे नव्या गाडीचा तो कागद संध्याकाळच्या आत फाडतात. इथे तो काढला तर वस्तू जुनी होते. मालकांच्या मुलीला तेवढा सीटच्या कापडाचा रंग माहीत होता, कारण तिने लहानपणी एका कोपऱ्यात बोट घालून पाहिलं होतं. वर गुलाबाच्या वासाची एक बाटली आरशाला टांगली होती. तापलेलं प्लॅस्टिक, गुलाब आणि माझ्या पोटातले शेंगोळे यांची गाठ पडली तेव्हाच पुढचं दिसत होतं.

मुळा धरणाच्या रस्त्याला लागल्यावर श्रीधरने बटण दाबून सनरूफ उघडलं. मोकळी हवा आली की मला बरं वाटेल, असा त्याचा हिशेब. आमच्या पुढे उसाची ट्रॉली चालली होती. वारा सुटला होता. बघता बघता उसाचं पाचट, ती सगळी वाळकी पानं, भुर्रकन आत आलं आणि माझ्या डोक्यावर, मांडीवर, ब्लाउजच्या गळ्यात शिरलं. श्रीधर बटणं दाबत होता, पण ते छप्पर काही मिटेना, वायपर मात्र चालू झाले. मी गाडी थांबवायला सांगितली. मुळा धरण फार सुंदर आहे असं श्रीधर सांगतो. मी त्याच्याकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला बसले होते.

त्या संध्याकाळी मला स्वस्थता नव्हती. नंदाताईंच्या अंगणात मी इकडून तिकडे नुसती येरझारा घालत होते. गाडीत बसलं की जीव नको होतो आणि उतरलं की वेळ वाया जातोय असं वाटतं. आत श्रीधर आणि रावसाहेब सनरूफच्या कापडी पडद्यावर चर्चा करत होते.

शेवगाव आणि मधला घाट

दुसऱ्या दिवशी शेवगाव. राहुरीचा हिरवा ऊस मागे पडतो आणि माती काळी, उघडी होत जाते, झाडं विरळ होतात. हे मी पाहिलं कारण रावसाहेबांनी माझ्यासाठी दोनदा गाडी थांबवली.

इथले गाडीमालक कापसाचे व्यापारी होते. गाडीला झगझगीत चाकं, पायाशी निळे दिवे, मागच्या सीटला दोन पडदे. श्रीधर हरखला. मला मात्र गाडीच्या मागे, खालच्या बाजूला लोंबणारी रबरी पट्टी दिसली. जमिनीला घासत होती. मालक म्हणाले, "ताई, ही खास हाय. गाडीतला करंट जमिनीत जातू. ही लावल्यापासून आमच्या म्हातारीला एकदा बी गाडी लागली न्हाई." त्यांच्या म्हाताऱ्या आईने ओसरीवरून मान डोलावली आणि शिवाय पोटावर कोरा कागद ठेवायला सांगितलं. सुशिक्षित बाईने अशा गोष्टीवर विश्वास ठेवू नये. मी निमूटपणे पदराआड वर्तमानपत्राचं पान ठेवलं. जिला गाडी लागते तिला धर्म नसतो, जो जे सांगेल ते ती करते.

मालकांचं नगरला काम होतं. तेव्हा याच गाडीतून करंजीच्या घाटाने नगरला जाऊ, म्हणजे तुमची चाचणीही होईल, असं त्यांनी सुचवलं. रावसाहेब आपली गाडी घेऊन मागून येणार होते. श्रीधर चालवायला बसला, मी मागे. एसीचा झोत अंगावर घ्यायला हात पुढे केला तर तो झोत नव्हताच. वर चिकटवलेला एक छोटा पंखा होता. चाकं बाहेरची, पडदे बाहेरचे, दिवे बाहेरचे. गाडी मुळात बेस मॉडेल होती, मालकांनी हौसेने तिला टॉपसारखं नटवलं होतं. त्यांनी ते लपवलंही नव्हतं, आम्हीच विचारलं नव्हतं. नंतर रावसाहेब म्हणाले, "कपाळाला टिकली लावली म्हंजी काय नवरी हुती का?"

तिसगाव गेलं आणि घाट सुरू झाला. करंजीचा घाट काही मोठा नाही. घाट म्हणून नावं ठेवावीत इतकाही तो नाही. पण मला तो पुरला. रबरी पट्टी, कोरा कागद, लिंबू, लवंग, काहीही उपयोगाला आलं नाही. एका वळणावरच्या चहाच्या टपरीपाशी मी उतरले ते बाकड्यावर आडवीच झाले. तोंड धुतलं, तेवढ्यात मुग्धाचा फोन आला.

ती म्हणाली, "आई, सासूबाई येतायत राहायला. तू उगाच त्रास करून घेऊ नकोस."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर मला रडू फुटलं. सासूबाई चांगल्या आहेत, प्रेमळ आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण माझ्या लेकीच्या बाळाला पहिली आंघोळ दुसरं कुणी घालणार आणि मी पुण्यात बसून फोटो बघणार, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी नव्हती. श्रीधर पाण्याची बाटली धरून उभा होता. मी त्याला सांगितलं की आता घरी जाऊ. मला कुठलीच गाडी नको. गाड्यांमध्ये काही खोट नाही, माझ्यातच आहे.

त्याने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, रावसाहेबाने मिरजगावला शब्द दिला आहे, तेवढी एक बघू आणि जाऊ. नगरच्या लॉजवर मी जेवले नाही.

मिरजगाव

सोलापूर रस्त्याने मिरजगाव काही फार लांब नाही आणि रस्ता सरळ आहे, त्यामुळे मी धड पोचले. हातात लिंबू होतंच. वस्तीवरच्या घरापुढे कडुलिंबाच्या झाडाखाली एक राखाडी गाडी उभी होती. श्रीधरने एक फेरी मारली आणि त्याचा चेहरा पडला. मधलं मॉडेल. वर सनरूफ नाही, आत टचस्क्रीन नाही, चाकांना साध्या प्लॅस्टिकच्या टोप्या.

गाडी वापरायच्या त्या घरच्या सूनबाई सुरेखाताई. चाळिशीच्या, माझ्यापेक्षाही बुटक्या, पदर खोचलेल्या. घरात माणसं वाढली म्हणून मोठी गाडी घ्यायची होती आणि ही द्यायची होती. गाडीचे मालक, म्हणजे सुरेखाताईंचे यजमान, रावसाहेब आणि श्रीधर यांनी बॉनेट उघडून आत डोकी घातली. मग तिघंही हुरडा भाजायला शेताकडे गेले. मी अंगणात उभी राहिले. बसा म्हटलं तरी मला बसवेना.

सुरेखाताईंनी माझ्या हातातल्या लिंबाकडे पाहिलं. "लागती व्हय?"

मी हो म्हटलं.

"मला बी लई लागायची. जामखेडला म्हायेरी जायाचं म्हनलं की आदल्या दिसापास्नं पोटात गोळा. एका साली मालकांचा हात मोडला आन् आईला बरं नव्हतं. जायाचं तर हुतंच. भावकीतल्यानं चार दिस गाडी शिकवल्याली, तेवढ्यावर म्या बसले. जामखेड आलं तरी लिंबू तसंच."

"तुम्हाला लागली नाही?"

"चालवनाऱ्याला लागत न्हाई, ताई. वळन कुठं येनार हे त्याला आधी ठावं असतं. बाकीच्यांना ते आल्यावर कळतं."

इतक्या वर्षांत मला लोकांनी आवळासुपारी दिली, गोळ्या दिल्या, पुढे बसवलं, मागे बसवलं, मधे बसवलं. गाडीतल्या चार जागा सगळ्यांनी सुचवल्या होत्या. पाचवी कुणालाच सुचली नाही, आणि मलाही नाही. तरुणपणी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते, लायसन्सही काढलं होतं. ते मी वेळोवेळी नवं करून घेते आणि बँकेत ओळखपत्र म्हणून दाखवते. शिकताना मला कधी गाडी लागली होती का, हे आठवून पाहिलं. नव्हती लागली. तेव्हा मी त्याचं श्रेय सकाळच्या वेळेला दिलं होतं.

सुरेखाताईंनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "मंग बसा की."

मी उजव्या दाराने आत बसले. समोर स्टिअरिंग आणि त्याच्या वर आभाळ, एवढंच दिसत होतं. रस्ता नावाला नाही. मी उठणार तेवढ्यात त्या माझ्या पायाशी उकिडव्या बसल्या आणि सीटच्या बाजूचा एक दांडा हापसा मारावा तसा वरखाली करू लागल्या. प्रत्येक हापशाला मी वर येत होते. आधी बॉनेट दिसलं, मग वस्तीचं फाटक, मग शेतांमधून जाणारा पांदीचा रस्ता, आणि शेवटी दोन्ही बाजूंची भरात आलेली ज्वारी.

"हे बेसला न्हाई येत, मिडलला येतं," त्या म्हणाल्या. "मालक म्हनले, तुला दिसलं पायजे. म्हनून मिडल घेतली."

त्या शेजारी बसल्या. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती गचके खात, पण निघाली. पहिल्याच गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, मी पांदीतून चालले. खड्डा येताना दिसला, मी ब्रेक दाबला, खड्डा आला आणि गेला. वळण येताना दिसलं. पोटाने काहीही म्हटलं नाही. गोफणीच्या आवाजाने ज्वारीवरून पाखरांचा थवा उठला आणि तो रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात बसेपर्यंत मी पाहिला. माळावर मेंढरं होती, त्यातलं एक लंगडत होतं. लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या. चालत्या गाडीतून एवढं जग मी कधी पाहिलं नव्हतं. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं.

हुरड्याच्या आगटीपाशी तिघं पुरुष बसले होते. श्रीधरने आधी गाडी ओळखली, मग मला. तो हातातलं कणीस टाकून धावत आला आणि क्लच, क्लच असं ओरडू लागला. सुरेखाताईंनी काच खाली करून त्याला शांतपणे सांगितलं, "साहेब, मागं बसा."

तो मागे बसला. मी सोलापूर रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन गाडी वळवून आणली. त्याने वाटेत चारदा श्वास रोखला.

मग मी हुरड्यावर तुटून पडले. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, जे पुढे आलं ते खाल्लं. सगळे माझ्याकडे बघत होते. रावसाहेब हळूच म्हणाले, "वहिनी, हे मधलं मॉडेल हाय, बरं का." त्यांना वाटलं, मी फसते आहे.

श्रीधरने शेवटचा प्रयत्न केला. राहुरीच्या टॉप मॉडेललाही सीट वर होते, आणि तीही बटणावर, असं तो म्हणाला.

"मग परवा मला का नाही सांगितलंस?"

"अगं, ते ड्रायव्हरच्या बाजूला असतं ना."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याने मान खाली घातली आणि कणीस चोळू लागला. मला त्याचा राग आला नाही. त्याने माझ्यासाठी महिनाभर छपराचा विचार केला होता, तोही खराच होता.

गाडी न्यायच्या दिवशी सुरेखाताईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि डिकीत नारळ, खण आणि ओंजळभर ज्वारी ठेवली. पुण्यात गाडी विकणारा आपली छत्रीसुद्धा आठवणीने काढून घेतो. यांच्याकडे घरातून जाणारी गाडी रिकामी धाडत नाहीत. "लेकीकडं जानार हाय ना," त्या म्हणाल्या. डोळ्याला पदर लावून त्या लगेच आत गेल्या.

पुण्यात आल्यावर मी रोज पहाटे गाडी काढली. सोसायटीच्या खांबाला एकदा घासली, चौकात एकदा बंद पाडली, मागच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मुग्धाला काहीही सांगितलं नाही. "बाबा आणि मी येतोय," एवढंच कळवलं. तिला वाटलं, मी जिवावर उदार होऊन निघाले आहे.

ताम्हिणी घाटात मी सगळी वळणं आधी पाहिली. श्रीधर डाव्या सीटवर होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या बाजूला बसून घाट उतरत होता. अर्ध्या घाटात त्याने घाम पुसला आणि लिंबू आहे का, असं विचारलं. लिंबू घ्यायचं मी विसरले होते. वाटेत टपरीवर थांबून त्याच्यासाठी घेतलं.

दापोलीत मुग्धाच्या फाटकापाशी गाडी उभी केली. ती जडावलेली, सावकाश पायऱ्या उतरून आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात टॉवेल. लहानपणापासून प्रत्येक प्रवासाच्या शेवटी ती अशीच गाडीत माझ्या बाजूच्या दाराशी यायची. डावं दार उघडून तिने आत पाहिलं, तर आत बाबा, डोळे मिटून, नाकाशी लिंबू धरून. तिने मागच्या सीटवर पाहिलं. तिथे फक्त डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

"बाबा, आई आली नाही?"

मी उजव्या दाराने उतरले, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हटलं, "आलेय. जेवायला काय केलंयस? भुकेने जीव चाललाय माझा."